बंदूक भरलेलीच समजावी

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे ‘रस्ट’ चित्रपटाच्या तालमीत, धोका नाही असे सांगून हाती दिलेले रिव्हॉल्व्हर उडाले व छायालेखिका हॅलिना हचिन्स प्राणास मुकल्या.

शस्त्र हाताळण्याचे चार नियम सर्वश्रुत आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी. ज्याचा नाश करावयाचा नाही त्याच्यावर नळी रोखू नये. नेम धरल्यावाचून चापावर बोट ठेवू नये. लक्ष्य व त्यापलीकडे काय आहे ते आधी पाहावे.

हे नियम केवळ बंदूकधाऱ्यांपुरतेच आहेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. ‘वीज बंद आहे’ या शब्दावर विसंबून तारेस हात लावणारा, मागे न पाहता मोटार मागे घेणारा, चिठ्ठी न वाचता मुलास औषध पाजणारा, हे सारे रिकाम्या बंदुकीवरच विश्वास टाकीत असतात. शहानिशा न करता अफवा पुढे धाडणाऱ्यास तर लक्ष्यापलीकडे कोण उभे आहे याची वार्ताही नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेने पाच निरपराधांचे बळी घेतले.

स्वतः खात्री करून घेण्यात कोणाचाही अपमान नाही. ‘मला रिकामी वाटली’ हे उत्तर चौकशीपुढे देता येईल. मृतांच्या मुलांपुढे ते कोण देणार?