खिशातले खंड आणि कपाटातले खंड

अशोक विजयादशमीला यवतमाळ जिल्ह्यातून नागपूरला गेलेली माणसे परतताना दोन वस्तू हमखास आणीत : तथागतांची मूर्ती आणि पुस्तके. आमच्या तालुक्याच्या गावी दुकाने होती. पण तेथे वह्या आणि गाईड मिळत, बाबासाहेब मिळत नसत. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ताडपत्रीखाली मांडलेले स्टॉल, हेच आमच्या पिढीचे ग्रंथदालन.

ते स्टॉल आजही लागतात. मात्र तरुणांचे वाचन आता मोबाईलकडे वळले आहे. याचे आम्हांस केवळ दुःख होते असे नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, वसंत मून यांच्या संपादनाखाली, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढण्यास आरंभ केला. ते अनेकदा मिळेनासे होत. रखडलेल्या छपाईची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. तेच इंग्रजी खंड आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ज्या समाजाला अक्षराचीच बंदी होती, त्याच्या खिशात हे ग्रंथ आले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तरीही मन पूर्ण समाधानी नाही. मोबाईल आपण मागतो ते देतो. स्टॉल न मागितलेलेही देत असे. आम्ही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घ्यावयास गेलो आणि शेजारी ठेवलेली महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ही घेऊन आलो. इतिहासाची आमची गोडी तेथून लागली.

दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. रोज सकाळी बाबासाहेबांच्या नावे एखादे वचन मोबाईलवर येते. कोणता खंड, कोणते पान, असे विचारले की पाठविणारा निरुत्तर होतो. आयुष्यभर पुराव्यानिशी बोलणाऱ्या महापुरुषाच्या तोंडी आपणच न बोललेली वाक्ये घालावीत, हा त्यांचा गौरव नव्हे. खंड खिशात आले, पण ते उघडले जात नाहीत, हे आपल्याला मान्य करावे लागेल.

तिसरी गोष्ट या शाळेची. वसतिगृहातील मुलांजवळ मोबाईल नसतो. घरी असलेला एकच मोबाईल वडिलांबरोबर शेतात जातो. त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे कपाटातले पुस्तकच. न्यूयॉर्कला शिकताना अर्धपोटी राहून जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळणाऱ्या आणि दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथांची सोय पाहणाऱ्या बाबासाहेबांना ही गरज सांगावी लागली नसती.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : मोबाईलवर जरूर वाचा, वचन पुढे पाठविण्यापूर्वी मूळ पान काढून पाहा. आणि यंदा दीक्षाभूमीहून परतताना एक पुस्तक शाळेसाठी घ्या. पहिल्या पानावर आपले नाव आणि दहावीचे वर्ष लिहा. आपण ज्या बाकावर बसलात, तेथे आज बसलेले लेकरू ते उघडील.

जयभीम.