लॉबीतले चार पाय आणि नियमाचे साल

१/ ७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण, गुणफलक २८-२८, शेवटची दोन मिनिटेही उरलेली नाहीत. पवन सेहरावत चढाईस गेला आणि कोणालाही स्पर्श न करता लॉबीत शिरला. त्याला रोखण्याच्या ओघात इराणचे बचावपटूही मागोमाग लॉबीत उतरले. मग सुमारे तासभर खेळ थांबला. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला.

२/ बाद नेमके कोण, हा प्रश्न त्या दिवशी जाणत्या प्रेक्षकांनाही सुटेना. आमच्या पाचोडसारख्या गावांत कबड्डी पोरांच्या अंगवळणी पडलेली असते. तिथेही या कलमावर दोन तट पडतात.

३/ लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही अंगांची एकेक मीटरची पट्टी. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. पण झटापट होईपर्यंत खेळ मधल्या ८ मीटरांतच चालतो. स्पर्श झाला की पट्ट्या खुल्या होतात. यामागचा विचार व्यवहारी आहे: पकडीत देह ओढले जातात, त्यांना जागा हवी, मात्र चढाईपटूला आयती पळवाट मिळता कामा नये.

४/ वाद निराळाच होता. एका पाठानुसार स्पर्शाविना लॉबीत गेलेला प्रत्येक जण बाद, बचावपटूसुद्धा. दुसऱ्या पाठानुसार फक्त चढाईपटू बाद आणि खेळ तिथेच थांबतो. प्रो कबड्डी पाहून वाढलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात हा दुसरा पाठ पक्का बसलेला. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या बोलत होत्या, फक्त वेगवेगळ्या पुस्तकांतून.

५/ अमेरिकन फुटबॉलमध्येही असे एक कलम पडून होते. उंच आलेला चेंडू निर्वेध झेलणाऱ्या संघाला तिथूनच, कोणीही अंगावर न येता, गोलवर लाथ मारता येते. हा रग्बीतल्या ‘मार्क’चा वारसा. डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सच्या कॅमेरॉन डिकरने त्यावर ५७ यार्डांवरून गुण मिळवले. त्याआधीचे यश थेट १९७६ सालचे! प्रेक्षक चक्रावले, पण निकालावर तंटा झाला नाही. नियम विस्मृतीत गेला होता, तरी पुस्तकात त्याचा पाठ एकच होता.

६/ माझे मत स्पष्ट आहे: विचित्र नियम ही अडचण नाही, सालाविना फिरणारा नियम ही अडचण आहे. कबड्डीला पाठभेद नवे नाहीत. संजीवनी, गामिनी, अमर असे तिचे प्रकार एकेकाळी शेजारीशेजारी नांदत होते. गामिनीत बाद झालेला परतत नसे. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला जिवंत होई. १९२३ साली बडोद्यात सुधारित नियमांनी स्पर्धा भरली, तेव्हा आधी ‘आज कोणता खेळ’ हेच ठरवावे लागले असणार. (हा माझा तर्क, पण फार धाडसी नव्हे.)

७/ म्हणून नियमपुस्तिकेची प्रत्येक आवृत्ती, बदललेले कलम व अंमलाची तारीख यांसह, मराठीत खुली असावी, ही मागणी मला पदकांइतकीच महत्त्वाची वाटते. हांगझोऊत दाद मागायला तासभर मिळाला. फक्कीने आखलेल्या गावच्या मैदानावर पंच म्हणेल ते अंतिम, आणि जिल्हा निवडीला मुकलेला पोरगा कोणत्या सालच्या नियमाने बाद झाला हे त्याला कधीच कळत नाही.

८/ कोणाच्या घरी, तालमीत वा क्रीडामंडळाच्या कपाटात जुन्या पुस्तिका असतील, तर त्या रद्दीत घालू नका. मुखपृष्ठाचे आणि प्रकाशनवर्षाच्या पानाचे छायाचित्र याच धाग्याखाली टाका.