मातीचा भाव चौरस फुटाने

पहिला पाऊस पडला की निर्मळ, आगाशीच्या वाड्यांतून जो गंध उठतो, तो मातीचा नसतो. मातीत वसणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या रसायनाचा तो असतो. त्या वासाने मातीतले अतिसूक्ष्म किडे खेचले जातात आणि या जीवांचे बीजाणू अंगावर घेऊन दूरवर पसरवितात, हे २०२० मधील संशोधनाने दाखवून दिले. याच कुळाने १९४३ मध्ये जगाला क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन दिले. वसईत मात्र या कुळाला डंपरभर राडारोड्याखाली गाडण्याचे काम राजरोस चालू आहे आणि त्याला विकास म्हणण्याची प्रथा पडली आहे.

औषधांचा शोध पुन्हा मातीकडे वळला आहे तो निकडीने. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंनी एकट्या २०१९ मध्ये जगभर सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पूर्वी प्रयोगशाळेच्या बशीत मातीतील शंभरांपैकी जेमतेम एखादा जीवाणू वाढत असे. बोस्टनच्या किम लुईस यांच्या गटाने जीवाणूंना त्यांच्या मातीतच वाढविण्याची युक्ती काढली आणि २०१५ मध्ये टिक्सोबॅक्टिन हाती आले. मार्च २०२५ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेरी राइट यांच्या गटाने लॅरिओसिडिन जाहीर केले. जीवाणूच्या पेशीत प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेला ते अशा ठिकाणी धरते, जिथे आजवरच्या औषधांचा हात पोचला नव्हता. उंदरांवर त्याचा गुण आला आहे. रुग्णापर्यंत ते पोचण्यास अद्याप बराच अवधी आहे. यासाठी माती कोठून आणली होती? हॅमिल्टन शहरातील एका घराच्या परसातून. त्या परसाची किंमत आधी कोणत्या दलालाला सांगता आली असती?

हे महाराष्ट्राला नवे वाटू नये. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्याच मातीतील एका जीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्या जीवाला नावही गावाचेच मिळाले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंगिनही तेथेच निघाले. जनतेच्या पैशाने, जनतेच्या मातीतून, जनतेसाठी झालेले हे विज्ञान होते. पुढे कारखाना आजारी पडला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची मोकळी जमीन विकून देणी फेडण्याचा व पुढे कारखानाच विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. ज्या मातीने औषध दिले, तिच्यात राज्यकर्त्यांना अखेर भूखंडच दिसला.

खाजगी भांडवल ही उणीव भरून काढील, ही आशा भाबडी आहे. आठवडाभर घेऊन थांबायचे आणि शक्यतो जपून वापरायचे औषध नफेखोराच्या कामाचे नाही. अकाओजन या अमेरिकन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. औषध चांगले होते, फक्त त्यात पैसा नव्हता.

आता वसईकडे पाहावे. केळी, पानवेल, फुले आणि भाजीच्या या पट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले ते बावखलांनी. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, विहिरींना मिळे आणि उन्हाळ्यात त्यांचा उपसलेला गाळ झाडांच्या बुंध्याशी जाई. वाडीवाल्याने त्याला सूक्ष्मजीवशास्त्र म्हटले नाही, इतकेच. १९९० मध्ये येथील नियोजन सिडकोकडे गेले, २००९ मध्ये महानगरपालिका आली. या काळात वाड्या प्लॉट झाल्या आणि बावखले बुजविली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार अनेक दिवस पाण्याखाली राहिले, तेव्हा या हिशेबाचा एक हप्ता वसूल झाला.

नालासोपारा-विरारला राहणारा कामगार हा यात गुन्हेगार नव्हे, हे वाडीवाल्यांनीही ध्यानात घ्यावे. मुंबईने त्याला परवडणारे घर नाकारले म्हणून तो येथवर आला. चाळ बुडाली तेव्हा पाण्यात तोच उभा होता. त्याच्या घराचे नाव पुढे करून बिल्डर बावखल गिळतो, म्हणून घराची आणि मातीची लढाई निराळी करून चालणार नाही.

हाताशी कायदा आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने जैविक संसाधनांत सूक्ष्मजीवही धरले आहेत आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर जैवविविधता समिती व लोकांच्या सहभागाने नोंदवही करण्याची जबाबदारी टाकली आहे. अशी नोंदवही झाडे-पक्ष्यांच्या यादीवर भागवू नये. तिच्यात प्रत्येक उरलेले बावखल, त्याचे क्षेत्र व भोवतीची माती यावी. भरावाच्या परवानगीआधी त्या मातीची तपासणी सक्तीची व्हावी आणि तिचे नमुने सार्वजनिक संस्थेतच राहावेत. कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र पालघरला आहे, कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे; नमुने नेण्यासाठी बोस्टनला जावे लागणार नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील बावखलांची मोजणी पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावी, कारण भराव बहुधा त्याआधीच पडतो.