विश्लेषण : ब्रेक दमदार आहेत, म्हणून वेग वाढवावा का?

जळगाव-भुसावळ महामार्ग चौपदरी झाला आणि नशिराबादजवळून जाणाऱ्या गाड्यांचा वेग बदलला. मोटारीही बदलल्या. ३०६ अश्वशक्तीची, ० ते १०० चा वेग पाच सेकंदांच्या आत गाठणारी मर्सिडीज-एएमजी ए ३५ सेडान आपल्याच चाकणच्या कारखान्यात जुळू लागली. अशा गाडीच्या मालकाला वेगाबद्दल हटकले की उत्तर ठरलेले असते : ‘ब्रेक पाहिलेत का हिचे?’ ब्रेक खरोखरच उत्तम असतात. हिशेब मात्र तिथे संपत नाही.

चांगल्या ब्रेकने नेमके किती वाचते?

कोरड्या डांबरी रस्त्यावर साधी मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून साधारण ४५ मीटरमध्ये थांबते. स्पोर्ट्स सेडान रुंद टायर आणि मोठ्या डिस्कच्या जोरावर ३७ मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे आठ मीटरचा फायदा. पण धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडेक सेकंद जातो आणि तेवढ्यात कोणतीही गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. चालकाने मोबाइलकडे पाव-अर्धा सेकंद जरी पाहिले, तरी लाखो रुपये मोजून घेतलेले ते आठ मीटर गेले.

थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन गाड्या शेजारी-शेजारी धरा : साधी १०० वर, स्पोर्ट्स सेडान १२० वर. दोन्ही चालक एकाच क्षणी सावध होतात. साधी गाडी ८७ मीटरवर उभी राहते. त्याच रेषेवर भारी ब्रेकची सेडान अजून ताशी ६७ किलोमीटरने धावत असते! केंद्राने २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यासाठी मोटारींना १०० ची मर्यादा घातली होती. ती का, हे या एका उदाहरणावरून कळावे.

ही आकडेमोड कोरड्या रस्त्याची. आपल्याकडे पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती महामार्गावर येते आणि पहिल्या सरीनंतर तिचा गिलावा होतो. टायरची पकड निम्म्यावर आली की थांबण्याचे अंतर दुप्पट. नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची झालेली एबीएस यंत्रणा चाक अडकू देत नाही, स्टिअरिंग हातात ठेवते. पकड मात्र ती निर्माण करू शकत नाही. समोर कपाशीने भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली असेल तर ती कोणत्या बनावटीच्या गाडीपुढे आहे, हे तिला कळत नाही.

ब्रेकचा आणि मायलेजचा काय संबंध?

थेट संबंध आहे. गाडीला वेग देताना जाळलेले इंधन ब्रेक दाबताच डिस्कवर उष्णता होऊन उडून जाते. माणसांसह १६०० किलोची गाडी १०० वरून थांबवली की सुमारे ७० मिलिलिटर पेट्रोलची कमाई वाया जाते, म्हणजे सात-आठ रुपये. टोलनाक्याच्या रांगेच्या शेपटापर्यंत सुसाट जाऊन करकचून थांबणारा हे पैसे टोलव्यतिरिक्त भरतो. रांग दिसताच अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली, तर आजच्या इंजिनात इंधनाचा फवारा बंद होतो आणि ब्रेकही झिजत नाही. न्यूट्रल करून गाडी सोडण्याची आपल्याकडची जुनी सवय दोन्हीकडून तोट्याची आहे : इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच आणि इंजिनाचा रोधही जातो. कन्नड घाटात तर ती सवय जिवावर बेतू शकते.

हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेल्यास तो ४४ टक्के जास्त. मिळते काय? नशिराबाद ते भुसावळ या पंधराएक किलोमीटरमध्ये दीड मिनिट.

मग कंपनीचा आकडा खोटा का?

खोटा नाही, वेगळ्या परिस्थितीतला आहे. प्रमाणित मायलेजची भारतीय चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते आणि तिच्यातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो. १२० ने पळवणाऱ्याने त्या आकड्याची अपेक्षाच धरू नये.

खरी तक्रार वेगळी आहे. शोरूमच्या पत्रकात अश्वशक्ती असते, ० ते १०० ला लागणारे सेकंद असतात, मायलेज असते. १०० ते ० ला लागणारे मीटर सहसा नसतात. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या ताऱ्यांमुळे धडकेनंतर काय होईल, याची विचारणा ग्राहक करू लागले. धडकेआधीचे मीटरही कोरड्या आणि ओल्या रस्त्यासाठी स्वतंत्रपणे छापणे केंद्राने बंधनकारक करावे. तोवर गाडी घेणाऱ्याने हा आकडा विक्रेत्याकडे लेखी मागावा, आणि टायरचा हवेचा दाब जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात नव्हे, सकाळी टायर थंड असताना तपासावा. कमी हवेचे टायर पेट्रोलही जास्त पितात आणि थांबायलाही जास्त जागा घेतात.