खनिजाचे ओझे आणि जहाजाचा सांगाडा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी समुद्रापासून शेकडो मैल दूर आहेत. तथापि जुन्या मध्यप्रांतातील मॅंगनीज परदेशी रवाना करता यावे, हा विशाखापट्टणमचे बंदर बांधण्यामागील एक प्रमुख हेतू होता, आणि १९३३ साली बंदर खुले झाले तेव्हा भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. खाणकामगाराने फोडलेला दगड पुढे खलाशाच्या पायाखाली जातो. तेव्हा जहाजाच्या सांगाड्यावर पडणाऱ्या ताणांचा प्रश्न कामगार चळवळीला परका मानण्याचे कारण नाही.

लाटेच्या माथ्यावर जहाजाचा मध्यभाग उचलला गेला की दोन्ही टोके खाली झुकतात. दोन लाटांवर टोके टेकली की मध्य खाली वाकतो. हे वाकणे अहोरात्र चालू असते. खनिजाने त्यात भर पडते. ते इतके जड असते की खण थोडासा भरला तरी वजन पुरे होते. सर्व खणांच्या तळाशी ते सारखे पसरले तर जहाज झटके देत डोलते. म्हणून मोठ्या जहाजांत एकाआड एक खण भरण्याची पद्धत पडली. मग भरलेला खण खाली ओढतो, शेजारच्या रिकाम्या खणाला पाणी वर रेटते, आणि दोहोंमधील पोलाद कातरले जाऊ पाहते.

हे ताण प्रत्यक्ष मोजण्याची बुद्धी बहुधा अपघातानंतरच सुचली. १९०१ मध्ये ‘कोब्रा’ ही ब्रिटिश विनाशिका समुद्रात दुभंगली, तेव्हा कुठे १९०३ मध्ये ‘वुल्फ’ ही विनाशिका कोरड्या गोदीत आधारांवर ठेवून वाकवून पाहण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेली वेल्डिंगची जहाजे तडकू लागल्यावर ‘ओशन व्हल्कन’ या मालवाहू जहाजावर मापनयंत्रे बसवून अटलांटिकच्या लाटांत मोजमापे घेतली गेली.

गोव्याच्या मुरगाव बंदरातून १९७९ च्या जून महिन्याअखेर लोहखनिज घेऊन निघालेले ‘कैराली’ पन्नासच्या आसपास माणसांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष हाती आले नाहीत, त्यामुळे कारणाविषयी तर्कच उरले. पुढल्याच वर्षी लोहखनिज वाहणारे ‘डर्बीशायर’ हे प्रचंड ब्रिटिश जहाज जपानजवळ वादळात ४४ जणांसह बुडाले. पहिल्या चौकशीने निसर्गाकडे बोट दाखवून प्रकरण मिटवले. नातेवाईक मात्र हटले नाहीत. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पैसा उभा केला आणि १९९४ मध्ये समुद्रतळाशी अवशेष सापडले. त्यानंतरच्या चौकशीत प्रतिकृतींवर लाटांचे प्रयोग झाले. सांगाडा मध्येच तडकला असावा, हा नातेवाइकांचा मूळ संशय खरा ठरला नाही. नाळेकडून पाणी शिरून पुढल्या खणाचे झाकण लाटांच्या भाराखाली कोसळल्याचे २००० साली निष्पन्न झाले. संशय चुकला, पण आग्रह चुकला नाही. शोधासाठी कामगारांना वर्गणी काढावी लागली, ही मात्र सरकारांनी खाली मान घालावी अशी गोष्ट आहे.

चालत्या जहाजावरील ताण सतत नोंदवणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. मोठ्या खनिजवाहू जहाजांवर ती बसवावीत, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्ये सुचवले. पण ती केवळ शिफारस होती. नौकामालकांच्या मर्जीवर सोडलेली शिफारस कितपत पाळली जाते, हे कामगार चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको. यंत्र सक्तीचे असावे, त्याची नोंद खलाशांच्या संघटनेला मागताक्षणी पाहता यावी, आणि माल चढवण्याची घाई त्या नोंदीपुढे थांबावी, ही मागणी खनिज काढणाऱ्यांच्या संघटनांनीही उचलून धरली पाहिजे.