दत्तक घ्यायचं तर गाढवही घ्या

माझे आयटीतले मित्र रस्त्यावरची कुत्री-मांजरं दत्तक घेतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्याच नगर जिल्ह्यात, मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तरी म्हाताऱ्या, जखमी गाढवाला आसरा द्यावा, हे आपल्या मनात येत नाही.

२०१२ मध्ये देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती. २०१९ च्या पशुगणनेत १.२ लाख उरली. १९६५ च्या नियमांनुसार गाढवावर ५० किलोपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. म्हणजे सिमेंटची एकच गोणी! पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ कामही बंद.

हे मोडलेलं दिसलं की लगेच व्हिडिओ काढून मालकाला बदनाम करू नका. त्याचं पोट त्याच जनावरावर आहे. आधी त्याच्याशी बोला, १९६२ या टोल-फ्री नंबरवरून पशुवैद्यकाची मदत मागा. छळ थांबलाच नाही, तर पोलिसांत तक्रार करा. कोर्ट जनावर पांजरपोळात पाठवू शकतं.

गाढव फ्लॅटमध्ये राहणार नाही. म्हणून ज्याच्याकडे गोठा आहे त्याने जागा द्यावी, आपण पगारदारांनी चाऱ्याचा खर्च उचलावा.