लष्करभरती आणि आमची मुले



दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी मुले दिसू लागतात. त्यांत आपली मुले थोडी नाहीत. कोणाच्या घरी दागिना मोडून भरतीच्या शिकवणीची फी भरली जाते, कोठे वडील म्हणतात, "पुढचे शिक्षण मागाहून पाहू, आधी नोकरी धर." हा विचार इतक्या घरांत चालू असता त्याविषयी आम्ही गप्प राहणे योग्य नव्हे.

लष्कर आपणांस परके नाही. 1818 साली कोरेगावी लढलेल्या फौजेत महार शिपाई होते. छावणीतील शाळांनी शिपायांच्या मुलांना अक्षरओळख दिली. डॉ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्मही 1891 साली महूच्या छावणीतच झाला. पण पुढच्याच वर्षाच्या सुमारास, लढवय्या जातींचा सिद्धान्त पुढे करून, सरकारने महारांची भरती बंद केली. 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनी आणि 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिले. महायुद्धाची निकड लागताच 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि 1921 साली ती मोडली. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. या इतिहासाचा अभिमान जरूर बाळगा; पण त्यातला धडाही घ्या. पलटण दुसऱ्याच्या हुकुमाने मोडली, शिक्षण मात्र कोणासही मोडता आले नाही.

आज दार उघडे आहे. परंतु दारे एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या आहेत.

पहिले दार अग्निवीराचे. ही योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. सामान्य शिपायाच्या जागेसाठी दहावी आणि एकूण 45 टक्के गुण लागतात. वय साडेसतरा वर्षे पूर्ण असावे लागते. मुदत चार वर्षांची. योजना जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये वेतन ठरले. त्यातील 30 टक्के सेवानिधीत कापले जाऊन हाती 21,000 येतात. तितकीच रक्कम सरकार घालते आणि मुदतीअंती सुमारे 11 लाख 71 हजार रुपये मिळतात. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. कायम सेवेत घेण्याची तरतूद प्रत्येक तुकडीतील 25 टक्क्यांपर्यंतच आहे. म्हणजे चारपैकी तिघे बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी परततील. कोर्टात उभा राहणारा मनुष्य या नात्याने मी सांगतो : हा करार वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, तो न वाचता सही करणे वाईट आहे.

दुसरे दार अधिकाऱ्याचे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते; नौदल व हवाई दलासाठी पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित हवे. अनुसूचित जातींच्या उमेदवारांस परीक्षेची फी माफ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 सालच्या आदेशानंतर हे दार मुलींसही उघडले, आणि 2025 च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. मग आपल्या लेकींना या परीक्षेची वार्ताही का नसावी? या वाटेची तयारी लवकर सुरू करावी लागते : साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून आहे आणि छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून.

तिसरे दार केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे. येथे शिपायास दहावी पुरते आणि नोकरी कायम असते. ध्यानात ठेवा : लष्कराच्या भरतीत जातीवर आधारित राखीव जागा नाहीत, या दलांत आहेत, आणि अनुसूचित जातींस वयाची पाच वर्षांची सवलतही आहे. कित्येक कुटुंबांस अजून वाटते की धर्मांतराने हा हक्क गेला. केंद्राच्या बाबतीत 1990 पर्यंत तसेच होते. त्या वर्षी 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचा दाखला आजच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत धावणाऱ्याची मुदत टळते.

"बुद्धाच्या उपासकाने शस्त्र धरावे काय?" असे कोणी विचारील. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांचा उपासक झाला होता. शस्त्रांचा व्यापार उपासकास वर्ज्य सांगितला आहे. परंतु रक्षणाचे कर्तव्य आणि हिंसेची हौस या एक गोष्टी नव्हेत. शिपाई व्हायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या विवेकास विचारावे. दारिद्र्याने मात्र हा निर्णय मुलावर लादू नये.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. मूल दहावीत असेल तर बारावी पुरी होऊ द्या आणि प्रबोधिनीच्या परीक्षेस एकदा तरी बसवा. अग्निवीर होणेच भाग असेल तर चार वर्षांत पुढचे शिक्षण पुरे करण्याचा निश्चय करूनच पाठवा. दहावीवर गेलेल्यास सेवेत असता बारावीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. सेवानिधीची रक्कम लग्नात उधळू नका. "साहेबांशी ओळख आहे" म्हणून पैसे मागणाऱ्यास दारात उभे करू नका.

आपल्या वाडवडिलांनी लष्करात शिरण्याचा हक्क अर्ज लिहून, भांडून मिळविला. त्या हक्काचा मान ठेवायचा तर मुलाने त्या दारातून डोळे उघडे ठेवून आत जावे, आणि परतला तर शिकलेला होऊन परतावा.